देवतळेकाकांची तांब्याची पाखरं

आमच्या खालच्या मजल्यावरचे देवतळेकाका स्वतःच्याच बैठकीत शिरण्याआधी खोकतात. सर्दीमुळे नाही. आत पाखरं बसलेली असतात म्हणून.

"एकदम घुसलं तं बिचकतात गा," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं. मी पाय न वाजवता आत गेलो. पाहतो तर कपाटात, खिडकीत, फ्रिजच्या डोक्यावर सगळीकडे तांब्याचे पक्षी! कोणी फांदीवर, कोणी कमळावर. तांब्याचा पत्रा कापून वाकवायचा आणि रंगीत काचेची पूड भट्टीत वितळवून त्यावर चढवायची, असं हे मिनाकाम. सगळी पाखरं जुनी, बहुतेक विलायतेहून आलेली, कुणाकुणाच्या बंगल्यांतून भंगारात निघालेली.

परदेशी पक्ष्यांची नावं काकांना ठाऊक नाहीत. त्यांनी आपली आपणच ठेवली. लांब चोचीचा तो 'ओव्हरसियर', कारण तो सारखा वाकून खाली पाहतो. छाती काढून बसलेली तांबडी ती 'ठाणेदारीण'. काकांचा जन्म वीजकेंद्रात नोकरी करण्यात गेला, लग्नाचं राहूनच गेलं. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात. हे जुन्या बाजारात भंगारवाल्यांच्या पोत्यांत हात घालून बसतात.

त्या खोलीत कूलर नाही. नागपुरात, मे महिन्यात! "ओल्या हवेनं हिरवा गंज चढते," काका म्हणतात. "तांबं आहे, पण तबियत नाजूक." पाहुणा घामानं निथळत उठला की यांना खरोखर नवल वाटतं. "काहून चालला? आत्ताच तं आला!"

दुःख एकच होतं. खंड्या नव्हता. "आपल्या नदीवरचं पाखरू, अन् आपल्याचकडे नाही!"

गेल्या हिवाळ्यात मी पारशिवनीला आत्याची औषधं पोचवायला निघालो. काका न बोलावता गाडीत बसले. "तिकडं जंगलखात्याचे जुने बंगले आहेत. काही ना काही निघते."

बंगल्यांत काही निघालं नाही. आत्याच्या घरी टीव्हीच्या डोक्यावर मात्र तांब्याचा खंड्या बसला होता. निळाशार, पांढऱ्या फुलांच्या फांदीवर. त्याच्या चोचीला आत्याचा चष्मा लटकत होता.

काका उभ्या उभ्या खोकले.

आत्याचे यजमान मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथल्या गोऱ्या डॉक्टरनं गाव सोडताना त्यांना तो दिला होता. यजमानही जाऊन आता बरीच वर्षं झाली. काकांचा चेहरा पाहून आत्या म्हणाली, "आवडला काय भाऊ? घेऊन जा. मले म्हातारीले काय करायचा हाय?"

काकांनी नको म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. आत्यानं चष्मा काढला, खंड्याला पदरानं पुसलं आणि हळूच म्हणाली, "जाय बापा. चांगल्या घरी चालला तू. तिथं तुले संगत हाय."

गाडीत काका खंड्याला मांडीवर घेऊन बसले. चष्मा लटकायचा त्या चोचीवरून बोट फिरवत राहिले. गाव मागे पडलं, कपाशीची शेतं लागली, तेव्हा म्हणाले, "वळव."

"काही विसरलं काय?"

"वळव ना गा."

आत्या अजून दारातच होती. काकांनी खंड्या टीव्हीवर ठेवला, त्याचं तोंड तिच्या खाटेकडे केलं. "हा काही येत नाही म्हणते ताई. रस्ताभर रुसून बसला." आत्या हसली, हसता हसता पदर डोळ्यांना लावला, आणि चहा टाकायला आत गेली.

परतताना मी विचारलं, "काका, इतकी वर्षं शोधत होते. मग परत काहून दिला?"

"ती त्याच्यासंग बोलून राहिली होती गा." काकांनी काच वर केली. "मी बी बोलतो आमच्या लोकांसंग. उत्तर येत नाही, हे समजते ना मले. येडा थोडीच आहो? पण संध्याकाळी कोणाशी बोलल्याबिगर घरात बसवत नाही."

पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मी जिन्याकडे वळलो. काका कुलूप उघडत होते.

"घाई आहे काय?" त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं. "नाही म्हणजे... खिचडी टाकतो. दोघांची."

मी चपला काढल्या.