परीक्षेला सून, पहाऱ्याला सासू

"माशीसुद्धा आत जाणार न्हाय! तू बिनघोर बस!" असं सुनेला बजावून ठमाबाईंनी पदर खोचला.

प्रणाली सारा पावसाळा भांडी घासता घासता, तांदूळ निवडता निवडता मोबाइलवर बंदराच्या कागदपत्रांचा फुकट कोर्स शिकली होती. पास झाली तर न्हावा शेव्याच्या एका ऑफिसातून मुलाखतीला बोलावणं येणार होतं. संधी मात्र एकच! परीक्षा घरूनच, पण नियम विचारू नका. खोलीत दुसरा चेहरा दिसला की रद्द, दुसरा आवाज आला की रद्द! ही मंडळी शिकवतात फुकट, पण विश्वास काही फुकट ठेवत नाहीत.

प्रणालीने मोबाइल उभा केला, तर पडद्यावर लाल अक्षरं! खोलीत दुसरी व्यक्ती आहे!

ती व्यक्ती म्हणजे सासरे बाळाजी. भिंतीवर, फोटोत, हार घालून.

"जाऊन इतकी वर्सं झाली, तरी मधी मधी करायची खोड न्हाय गेली!" ठमाबाईंनी फोटो उतरवला आणि तो मांडीवर घेऊन त्या ओटीवर, दाराशी बसल्या. खोकला येईल म्हणून पदराचा बोळा तोंडात धरला.

शेजारचा रघू सहज डोकावला आणि जागीच थबकला. जिचा आवाज एरवी खाडीपलीकडे पोचतो ती ठमाकाकी गप्प! मांडीवर नवऱ्याचा फोटो!

"काकी, काय झाला?"

ठमाबाईंनी ओठांवर बोट ठेवून मान हलवली. खोकला दाबल्याने डोळ्यांना धार लागली होती.

बस्स! रघूने टोपी काढली आणि मान खाली घालून अंगणात बसला. त्याला बघून दोघे आले, त्यांना बघून आळी आली. गेलं कोण, हे कुणीच विचारेना, कारण शेजारच्याला ठाऊक असणार अशी प्रत्येकाला खात्री! रघूची बायको सुचिता तर पिठलं-भाताचं पातेलंच घेऊन आली.

गच्च भरलेलं आणि तरी गप्प असलेलं अंगण बघून ठमाबाईंचा ऊर भरून आला. 'सुनेच्या परीक्षेसाठी अख्खी आळी मुकी बसली! माणसं असावीत तर अशी!' आता मात्र त्यांना खरंच रडू आलं.

तेवढ्यात आतून किंकाळी! सुचितानेही इकडे हंबरडा फोडला.

"आई! पास झाले! पास!" प्रणाली नाचतच बाहेर आली.

अंगणाने आ वासला.

"मंग गेला कोण?" रघूने विचारलं.

"गेला? हे?" ठमाबाईंनी फोटो उचलून दाखवला. "हे तर कवाच गेले!"

आधी शिव्या झाल्या, मग हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं, मग सगळ्यांनी प्रणालीच्या पाठीवर थापा मारल्या. सुचिता डोळे पुसत तिच्याजवळ सरकली.

"ह्यो कोर्स फुकट असतो काय गं? बारावीवाल्यांना जमल काय?"

"जमेल की! मी नाव घालून देते."

"मंग मी बी बसणार!"

"बस, बस!" ठमाबाई खुशीत ओरडल्या. "तुझ्या परीक्षेला बी मीच येते दाराशी!"

"नको काकी," सुचिताने हात जोडले, "तेवढा आमच्या दारात नका बसू!"