गापा कोण?

मायराने दारातच बोझेनाच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "बाय, गापा." बोझेना खळखळून हसली. लेकीला न्यायला ऑफिसातून धावतपळत आलेली वरदाही पायरीवर उभी राहून हसली, पण नुसत्या दातांनी.

इंग्लंडात, वॉटफर्डमधली ही पोलिश चाइल्डमाइंडर साडेतीन वर्षांच्या मायराला चार महिने सांभाळत होती. सांभाळत कसली, पोरगी खिशातच घातली होती तिने, असं वरदाचं मत होतं.

"गापा म्हणजे पोलिशमध्ये मम्मा असणार," घरी पोचताच ती नवऱ्याला म्हणाली.

"मग विचार ना तिला," मिलिंद म्हणाला.

"मी विचारू? म्हणजे तिला कळेल, मला झोंबलंय."

"झोंबलंय ना पण?"

"तू भांडी लाव."

फोनला विचारलं, तर फोनला ऐकू आलं 'गप्पा', आणि तो भलतंच सांगत बसला. शेवटी वरदाने बिस्किट दाखवून मायराला मांडीवर घेतलं.

"मला म्हण बरं, गापा."

"तू नाही गापा," बिस्किट घेत मायरा म्हणाली. "तू आई."

एरवी ह्या शब्दावर वरदा विरघळली असती. त्या दिवशी तो तिला ऑफिसातल्या हुद्द्यासारखा वाटला.

मार्चमध्ये तिथला मदर्स डे आला. वरदाने स्वतःच स्वतःसाठी टी-शर्ट छापून मागवला. छातीवर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत 'गापा', खाली लाल बदाम. सोमवारी तोच घालून ती मायराला आणायला निघाली. बघू दे तिला.

वाटेत पोलिश दुकानात दूध घेतलं. काउंटरवरच्या बाईने टी-शर्ट वाचला आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं, "कार्ड घेतलंत? दूध घेतलंत? फोन?" एका आजोबांनी दार उघडून धरलं आणि "इथे पायरी आहे हं," म्हणून बोटाने दाखवली. किती मान देतात ही माणसं आईला, वरदाला भरून आलं.

बोझेनाने दार उघडलं, छातीवरचं वाचलं आणि हसत हसत जिन्यावरच बसली.

"अगं, गापा म्हणजे वेंधळी. मी डोक्यावरचा चष्मा घरभर शोधते ना, म्हणून ही मला चिडवते. मीच शिकवलं तिला. पण तू का छापून घेतलंस?"

वरदाचे कान लाल झाले, पण जीव भांड्यात पडला. मम्मा नव्हेच. पोरगी हिला चक्क नावं ठेवते.

परतताना तिने सहज विचारलं, "मग मला का नाही गं म्हणत? मीपण विसरते की."

"तू रागावतो," मायरा म्हणाली. "गापा हसतो."

पुढचा सगळा रस्ता वरदाच्या डोक्यात एकच. म्हणजे लेकीच्या शिव्यासुद्धा त्या बाईच्याच वाट्याला.

घरी आल्यावर तिने पायातला बूट पायातच ठेवून तो फ्रिजमध्ये शोधायला सुरुवात केली. मग ओव्हनमध्ये. मग मिलिंदच्या लॅपटॉपखाली. "कुठे गेला बाई माझा बूट," असं म्हणत, चेहरा शक्य तितका हसरा ठेवून, दर वेळी मायराकडे बघत.

मायरा बराच वेळ गंभीरपणे बघत राहिली. मग मिलिंदची बाही ओढून हळूच म्हणाली, "बाबा, आई बरा नाही."

तिने आईला हाताला धरून सोफ्यावर निजवलं, स्वतःचं सशांचं पांघरूण घातलं आणि तिच्या कपाळावर हात ठेवून शेजारी बसून राहिली. मिलिंदने खेळायला हाक मारली तरी उठली नाही.

वरदा गुरुवारपर्यंत बरी झाली नाही.