काळीज मागणाऱ्या सरूबाईची गोष्ट

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती. अलीकडच्या काठावर जांभळाचं झाड होतं. झाडावर शेंडेराव नावाचं माकड राहायचं. खाली पाण्यात दगडोबा नावाचा मगर येऊन बसायचा. दोघांची मैत्री तुम्ही ऐकलीच असेल. दगडोबाची दुष्ट बायकोही ऐकली असेल. तिचं नाव मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तिचं नाव सरूबाई.

त्या दिवसांत सरूबाईने पलीकडच्या वाळूत अंडी घातली होती आणि ती राखणीला बसली होती. झुडपाआड एक घोरपड टपलेली होती. सरूबाई हलली की अंडी गेलीच. म्हणून ती हलत नव्हती. हलत नव्हती, म्हणून मासे धरता येत नव्हते. मासे दगडोबाने आणायचे, असं ठरलं होतं.

दगडोबा सकाळी माशांसाठी निघायचा आणि संध्याकाळी जांभळं घेऊन यायचा.

“अहो, मासे?”

“अगं, शेंडेराव आज मैत्रीवर बोलत होते. मधेच कसं उठणार? ही घे जांभळं. खास वहिनींसाठी म्हणून दिलीत.”

सरूबाईने जांभळं खाल्ली. जीभ जांभळी झाली. पोट होतं तसंच राहिलं.

पुढे शेंडेराव त्यागावर बोलले. मग कुटुंबातल्या जिव्हाळ्यावर बोलले. त्या दिवशी जांभळंही कच्ची निघाली.

सरूबाईचा तोल सुटला. “एवढं गोड बोलतात ना तुमचे शेंडेराव? मग त्यांचं काळीजच आणा मला जेवायला!”

आता हा टोमणा होता. तुमची आई “खा, माझं डोकं खा” म्हणते, तेव्हा तुम्ही मीठ आणायला पळत नाही. पण मगराची कातडी जाड. टोमणा आत शिरत नाही. बायको इतके दिवस मासे मागत होती, ते दगडोबाला ऐकू आलं नव्हतं. हे मात्र पहिल्याच फटक्यात ऐकू आलं.

जड मनाने तो झाडाखाली गेला. “शेंडेराव, आमच्या हिने जेवायला बोलावलंय.”

शेंडेराव टुणकन त्याच्या पाठीवर बसले. भर पाण्यात दगडोबाला राहवलं नाही. त्याने खरं काय ते सांगून टाकलं.

“अरेरे! काळीज तर झाडावरच राहिलं,” शेंडेराव म्हणाले. “आधी नाही का सांगायचं?”

दगडोबा मागे वळला. काठ आला, तसे शेंडेराव उडी मारून थेट शेंड्यावर गेले आणि तिथून त्यांनी सगळ्या जंगलाला हाका मारल्या.

दगडोबा रडत घरी आला. मगराच्या अश्रूंवर कुणी विश्वास ठेवत नाही, पण हे खरे होते.

“ते काळीज झाडावर विसरले होते गं. आणायला गेले ते आलेच नाहीत.”

सरूबाईने खोदून खोदून सगळं विचारून घेतलं.

“अहो, मला भूक लागली होती,” ती म्हणाली.

इकडे जांभळाखाली सभा भरली. ‘मरणाच्या पाठीवरून’ या विषयावर शेंडेरावांचं व्याख्यान होतं. सरूबाईच्या कानावर आलं, तेव्हा ती उठली.

“मी जाऊन खरं सांगून येते. तुम्ही बसा इथे. आणि त्या घोरपडीशी मैत्री करू नका.”

सभेत बगळा अध्यक्ष होता.

“मला दोन शब्द बोलायचेत,” सरूबाई म्हणाली.

“एकच बोला,” बगळा म्हणाला. “काळीज मागितलं होतंत की नाही?”

“मागितलं, पण मी उपाशी...”

“मागितलं म्हणतात!” बगळ्याने जाहीर केलं. टाळ्या पडल्या. शेंडेरावांनी मोठ्या मनाने वहिनींना क्षमा केली. त्यावर आणखी टाळ्या पडल्या. मग शेंडेरावांना शाल दिली गेली.

परतताना सरूबाईने एक मोठा मासा धरला. तो तोंडात धरूनच ती वाळूवर आली. दगडोबा अंड्यांपुढे आडवा पडला होता. त्याच्या शेपटीला घोरपडीचे दात लागले होते. अंडी सगळी जागेवर होती.

“हलला नाहीत?”

“हललो असतो तर अंडी गेली असती,” दगडोबा म्हणाला. हा शोध आपल्यालाच लागलाय, असा त्याचा चेहरा होता. “पण काय गं, नुसतं बसून भूक फार लागते!”

सरूबाईने माशाचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्यापुढे सरकवला.

पुढे पिल्लं बाहेर आली, मोठी झाली, शाळेत गेली. शाळेत त्यांना दुष्ट मगरिणीचा धडा होता. सरूबाईनेच तो त्यांच्याकडून घोकून घेतला. परीक्षा तोंडावर आली होती.

तात्पर्य : चांगलं म्हणवून घ्यायचं असेल, तर उंच झाडावर राहावं. राखणीला बसलेल्याचा आवाज लांब जात नाही.