मालक वाजू लागले

कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा निम्मे कामगार झोपायच्या तयारीत होते आणि उरलेले आधीच झोपले होते. विषय होता किरणोत्सर्गापासून बचाव. इथे मोठमोठे पाइप जोडतात आणि सांधा आतून नीट बसलाय का हे पाहायला त्याचा फोटो काढतात. माणसाच्या हाडांचा काढतात तसाच, फक्त किरण कितीतरी जोरकस. ते किरण सोडणारी इवलीशी गोळी शिशाच्या पेटीत आणि पेटी कुलूपबंद कोठडीत. ती वापरायची परवानगी आज संपत होती आणि तपासनीस बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. प्रशिक्षण त्यांना पटलं तर परवानगी पुढे चालू, नाहीतर आज कोठडीला सील आणि महिन्याभरात कारखान्याला टाळं.

सगळा भार सुरक्षा अधिकाऱ्यांवर होता. त्यांना कामगार लांबराव म्हणत. उंचीने बुटके होते बिचारे, पण 'लांब राहा' म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नसे.

"तर मंडळी, तीनच गोष्टी," लांबराव घाम पुसत म्हणाले. "किरणांपाशी कमी वेळ थांबा, लांब राहा आणि मध्ये जाड आडोसा घ्या. आता हे मीटर बघा. किरण असले की टिकटिकतं. थोडे तर निसर्गातच असतात, म्हणून मधूनच एखादी टिक. पण धोका असला तर..."

इतक्यात दार ढकलून मालक आत आले, आणि तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं मीटर तडतडायला लागलं.

लांबरावांनी मीटरला टपली मारली. मग सेल बदलले. "जुनं झालंय," ते बाईंकडे बघून कसंनुसं हसले. नव्या सेलवर मीटर दुप्पट उत्साहाने बोलू लागलं. बाईंनी वही उघडली. लांबरावांच्या डोळ्यांपुढे कोठडीतली पेटी आली: गोळी बाहेर तर पडली नाही ना?

"सगळे बाहेर! पळू नका, पण थांबूही नका!"

दर वर्षी या वर्गात मनसोक्त घोरणारा म्हातारा वेल्डर सगळ्यांच्या आधी अंगणात पोचला. लांबराव मात्र मीटर पुढे धरून एकटेच कोठडीकडे गेले. पालीला घाबरणारा माणूस, पण गेला, हे सांगायलाच हवं. कोठडीपाशी मीटर गप्प. पेटी जागच्या जागी. लांबरावांचा जीव भांड्यात पडला. ते अंगणात परतले, लोकांत मिसळले, आणि पुन्हा तडतड सुरू.

"गोळी तर पेटीत आहे," ते पुटपुटले. "मग आपल्यात हे काय फिरतंय?"

"काय पोरखेळ लावलाय?" मालक गर्दीतून वाट काढत आले. "आणा इकडे ते, मी बघतो!"

मीटर अक्षरशः किंचाळलं.

"साहेब," लांबराव दोन पावलं मागे सरले, "तुम्ही वाजताय."

"कोण वाजतंय?"

"तुम्ही. आपण. म्हणजे मालक वाजतायत."

क्षणात मालकांभोवती मोकळं मैदान झालं. वेल्डर एका जाड पत्र्यामागे गेला. फोरमनने घड्याळ बघून, "साहेब, तुमच्यापाशी थांबायची माझी वेळ संपली," म्हणत कुंपण गाठलं. इतकं आज्ञाधारक वागणं मालकांनी कधी पाहिलं नव्हतं. तपासनीस बाई फाटकापाशी जाऊन भराभरा लिहीत होत्या. मालकांनी खिसे उलटे केले: किल्ल्या, रुमाल, टक्कल पडूनही न सुटलेला कंगवा. सगळं जवळच्या स्टुलावर ठेवलं. स्टूल गप्प, मालक वाजतच होते.

तेव्हा हिशेब बघणाऱ्या वहिनी, म्हणजे मालकांची बायको, पुढे आल्या.

"सकाळी कुठे गेला होतात?"

"पाइपवाल्याकडे. सांगितलं होतं ना."

"पाइपवाला सकाळपासून मला फोन करतोय, साहेब अजून आले नाहीत म्हणून."

मालक आभाळाकडे बघू लागले. लांबरावांच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. "साहेब," त्यांनी हळूच विचारलं, "आज दवाखान्यात काही टोचून घेतलंत का? फोटो काढायच्या आधी?"

मालक म्हणजे तोच माणूस, जो तापाची रजा मागणाऱ्याला सुनवायचा, 'मला बघ, कधी दवाखान्याची पायरी चढलोय?' आता तो बुटांकडे बघत होता.

"जिना चढताना छातीत दुखतं," मालक म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, औषध टोचून हृदयाचा फोटो काढू."

"कधीपासून दुखतंय?"

"झाले काही महिने. अगं, तू घाबरली असतीस."

"मग आता काय नाचतेय का मी?" वहिनींचा आवाज फुटला. तो मोकळा गोल ओलांडून त्या थेट नवऱ्यापाशी गेल्या आणि त्यांनी मालकांचा दंड घट्ट धरला. पत्र्यामागून वेल्डरने टोपी काढली.

"त्या औषधातूनच किरण निघतात, पण उद्यापर्यंत ते उतरेल, वहिनी," लांबराव म्हणाले. "त्यात घाबरण्यासारखं काही नाही."

"आणि छातीचं?"

त्याला मीटर नव्हतं. लांबरावांनी हातातलं मीटर बंद केलं.

तेवढ्यात बाई आल्या. फाटकाशी लांब उभ्या राहिल्याने त्यांना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. मालकांचा चेहरा पडला. तब्येत उघडी पडलीच होती, आता कारखानाही हातचा जाणार.

"अशी तालीम मी कुठेच पाहिली नाही," बाई म्हणाल्या. "बाकीचे रिकामा डबा लपवतात आणि हसत खिदळत शोधतात. इथे लोकांनी खरं अंतर ठेवलं, खरा आडोसा घेतला. आणि खिसे रिकामे करूनही मीटर वाजतं, म्हणजे तालमीसाठी मालक स्वतः किरण अंगात घेऊन उभे! परवानगी देतेय. अट एकच, ही तालीम दर वर्षी व्हायला हवी. मालकांची तयारी आहे ना?"

मालकांनी खरं सांगायला तोंड उघडलं. दंडावरची पकड आणखी आवळली.

"आहे की," वहिनी म्हणाल्या. "दर वर्षी मी स्वतः नेईन त्यांना."

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"तयारीला."

बाईंनी कौतुकाने मान हलवली आणि पेन पुढे केलं. मालकांनी एकदा कारखान्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि मुकाट्याने सही केली.