शेवटच्या दगडाची टेप

मायरन हावरिलकने कॉम्प्युटरच्या पडद्यावर भांडी पुसायचं फडकं टाकलं, त्याची टोकं खाली ओढून नीट केली आणि स्वयंपाकघरातल्या कोंबडीच्या आकाराच्या घड्याळावर पंचावन्न मिनिटांचा गजर लावला.

"कॉम्प्युटरला थंडी वाजतेय का?" डोरीनने विचारलं. ती टेबलाच्या पलीकडे बसून पिरोही नावाच्या छोट्या करंज्यांमध्ये बटाट्याचं सारण भरत होती. शनिवारी विलोबेंडच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड घसरवण्याच्या खेळाच्या, क्लबला पंचाहत्तर वर्षं पुरी होणार होती आणि बारा डझन पिरोही तिच्या वाट्याला आल्या होत्या.

"व्हिडिओ टेप कॉम्प्युटरवर उतरतेय. तासाभराच्या टेपला तासभर लागतो. मध्ये हात लावायचा नाही."

"हात नाही लावत. पण बघायलाही बंदी?"

त्या टेपवर काय आहे ते विलोबेंडमध्ये पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. सव्वीस वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला तो अंतिम सामना मायरनच्या संघाने एका गुणाने जिंकला होता. शेवटचा दगड बर्फावरून घसरत येत असताना तो लांब जावा म्हणून त्याच्यापुढे बर्फावर झाडू घासत धावत होता तो मायरनच. चालत्या दगडाला झाडू लागला तर दगड बाद. पण कर्लिंगमध्ये ते बघायला कुणी पंच नसतो. ज्याचा झाडू लागला त्याने आपणहून हात वर करून सांगायचं, आणि या एका गोष्टीवर कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताची सगळी अब्रू उभी आहे. मायरनने सांगितलं नव्हतं.

समोरच्या संघाचा कप्तान आयव्हर थोरस्टॅड तेव्हापासून रोज सकाळी दहा वाजता कॉफीच्या दुकानात कप खाली ठेवून म्हणायचा, "त्या दगडाला झाडू लागला होता." मायरन म्हणायचा, "नव्हता लागला." एवढं झालं की दोघं गव्हाच्या भावाकडे वळायचे.

हे असंच दोघांच्या मरणापर्यंत सुखाने चाललं असतं. पण क्लबची सेक्रेटरी ग्लेन्डा हिला समारंभासाठी फिल्म जोडायची हौस आली. "डोरीनने तेव्हा शूटिंग केलं होतं ना? फोटो संपले की शेवटी तो सामना टाकते," ती फोनवर म्हणाली. "आयव्हर तर म्हणतोय, होऊनच जाऊ दे एकदा."

तोंडावर नाही म्हणणं विलोबेंडमध्ये आजवर कुणाला जमलेलं नाही, म्हणून तो म्हणाला, "का नाही! पण टेप मीच उतरवून देतो. जुनी आहे, नाजूक असते."

टेप एका तासाची. शेवटचा दगड शेवटच्या पाच मिनिटांत. पंचावन्नाव्या मिनिटाला उतरवणं थांबवायचं आणि पुढची टेप खराब झाली म्हणून सांगायचं, असा बेत होता. मधल्या वेळात आपली नजर चुकूनही त्यावर पडायला नको, म्हणून फडकं.

जोडणी त्याने एकट्याने केली होती. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या बाजूला एक गोल कळ होती, ती त्याने लाल खुणेकडे फिरवली. लाल म्हणजे चालू, हे त्याला ट्रॅक्टरवरून ठाऊक होतं. तार कॉम्प्युटरला लावली, पडद्यावरचं बटण दाबलं, आवाज बंद केला आणि डोळे मिटूनच फडकं टाकलं. कॅमेरा टेबलावर साखरेच्या डब्याशेजारी उभा होता. त्याच्या भिंगाचं झाकण कधीच हरवलं होतं. पूर्वी टेप फिरताना घरघर यायची, ती आज अजिबात येत नव्हती. वय झालं की यंत्रंही शांत होतात, असं मायरनला वाटलं.

"मायरन, त्या टेपबद्दल मला एक सांगायचंय," डोरीन म्हणाली.

"काही सांगू नकोस."

"अरे, त्या शेवटच्या दगडाच्या वेळी मी..."

"डोरीन, लागला होता."

डोरीनच्या हातातली पिरोही हातातच राहिली. "काय लागला होता?"

"झाडू. केसभर. पण हाताला कळतं ना! मी हात वर करणारच होतो, तेवढ्यात पोरांनी मला खांद्यावर उचललं. मग केलाही वर. पण खांद्यावर बसलेल्या माणसाने हात वर केला की लोक टाळ्या वाजवतात."

"आणि खाली उतरवल्यावर?"

"खाली उतरलो तेव्हा हातात करंडक होता." मायरनने फडक्याचं टोक पुन्हा खाली ओढलं. "रोज दहा वाजता मी त्या आयव्हरच्या तोंडाकडे बघून खोटं बोलतो. सव्वीस वर्षं झाली. तो खरा आहे गं. मीच खोटा आहे."

"मग सांगून टाक की, वेड्या."

"क्लबमधल्या विजेत्यांच्या फळीवर सोनेरी अक्षरात नाव आहे माझं. मी गेलो की काढा म्हणावं."

डोरीनने पिठाचे हात पुसले, त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि विषय बदलला. "ग्लेन्डा परत ती हिरवी जेली आणणार आहे. गाजर किसून घातलेली."

"सॅलड म्हणते ती त्याला."

"म्हणू दे. गेल्या वर्षी मी ती पक्ष्यांना घातली होती. पक्षीसुद्धा सभ्य आपल्या गावचे, नुसते बघून गेले."

अशाच गप्पांत बराच वेळ गेला आणि शेवटी कोंबडी वाजली. मायरनने कॉम्प्युटरवरची कळ दाबली, कॅमेरा बंद केला आणि मग फडकं काढलं. पडद्यावर भलीमोठी फाइल तयार होती. तिला त्याने "अंतिम सामना" असं नाव दिलं, पेन ड्राइव्हवर घेतली आणि ग्लेन्डाच्या हातात नेऊन दिली.

"आधी उघडू नकोस हं," तो म्हणाला. पाच मिनिटं कमी आहेत हे तिला आधी कळू नये, एवढाच हेतू. "सगळ्यांबरोबर बघ. मजा जाते नाहीतर."

"अय्या, किती छान!" ग्लेन्डा म्हणाली. तिने ती फाइल फोटोंच्या शेपटीला न उघडता जोडून टाकली.

शनिवारी क्लबमध्ये साठ माणसं जमली. फोटो सुरू झाले तसा मायरन पिरोही गरम करायला म्हणून मागच्या स्वयंपाकघरात सटकला. ही त्याची शेवटची खबरदारी होती. टेप तुटल्यावर लोकांच्या, विशेषतः आयव्हरच्या, नजरेला नजर द्यायला नको.

बाहेर फोटो संपले आणि पडद्यावर एक साखरेचा डबा, स्वेटरमधलं एक पोट आणि पीठ लागलेले दोन हात आले. साठही जणांनी ते नीट बसून पाहिलं. हा सामना नाही हे पहिल्या मिनिटातच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, पण मायरनने एवढ्या कष्टाने उतरवून दिलेलं, मध्येच काही बोलणं बरं दिसलं नसतं. कुणीतरी हळूच "सुरुवात असेल" म्हणालं. सात मिनिटं पोट आणि पिरोही एवढंच दिसत राहिलं.

मायरन कढईत कांदा परतत होता. वाढायच्या खिडकीतून त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, "डोरीन, लागला होता."

चमचा हातात घेऊनच तो धावत बाहेर आला, तेव्हा पडद्यावरचा मायरन म्हणत होता, "तो खरा आहे गं. मीच खोटा आहे." प्रोजेक्टरची तार ओढायला तो वाकला, पण मधल्या खुर्च्यांवरची माणसं अदबीने पाय बाजूला घेऊन त्याला वाट देत होती, आणि वाट देता देता वेळ लागत होता. तार निघाली तेव्हा पडद्यावरच्या डोरीनचे पक्षी जेली बघून परत गेले होते. ग्लेन्डा जेलीचा मोठा काचेचा बाऊल घेऊन दारात उभी होती.

मायरन तार टाकून सरळ झाला. मग त्याने चमचा असलेला हात वर केला, सव्वीस वर्षं उशिरा. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

"रस्ते निसरडे व्हायच्या आत निघायला हवं," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी मान डोलावली, आणि सगळे जेवायला बसले. जेली मात्र त्या दिवशी प्रत्येकाने दोनदा घेतली.

त्या रात्री मायरनला अशी गाढ झोप लागली की डोरीनने दोनदा नाकाशी हात धरून पाहिला. सोमवारी त्याने फळीवरचं आपलं नाव काढायला क्लबला पत्र लिहिलं. कॉफीच्या दुकानात मात्र तो गेला नाही. तेवढा धीर अजून झाला नव्हता.

बुधवारी मागचं दार वाजलं. आयव्हर आत आला, बूट काढले आणि न विचारता टेबलाशी बसला. चेहरा उतरलेला होता.

"आयव्हर, मला माफ कर," मायरन म्हणाला. "मनापासून सांगतो."

"माफी घाल चुलीत! काय करून ठेवलंस हे?"

"अरे, खरं तेच तर बोललो."

"तुला कुणी सांगितलं होतं खरं बोलायला? सोमवारी दुकानात गेलो. कप खाली ठेवला. म्हटलं, त्या दगडाला झाडू लागला होता. तर सगळे म्हणाले, 'हो, लागला होता. साखर दे इकडे.' संपलं! मंगळवारी पुन्हा तेच. दहा वाजून दोन मिनिटांनी मी रिकामा. आता बसून काय बोलू, सांग? माझी सून काय म्हणते ते?"

मायरनने त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

"तू उद्या ये आणि सांग, डोरीनची गंमत करत होतो म्हणून," आयव्हर म्हणाला. "नव्हता लागला."

"लागला होता, आयव्हर."

"नव्हता रे लागला! माझ्या डोळ्यांनी..." आयव्हर मध्येच थांबला आणि कॉफीत बघू लागला.

डोरीनने कपाटातून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. "लाल खुणेवर कॅमेरा समोरचंच टिपतो. टेपसाठी ही कळ इकडे फिरवायची असते," ती मायरनला म्हणाली आणि तिने लाल खुणेवरून ती पलीकडे नेली. टेप घरघरली आणि तिने ती शेवटाकडे पळवली. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर बर्फ दिसला, झाडू घेतलेला काळ्या केसांचा मायरन दिसला, शेवटचा दगड निघाला. आणि ऐन वेळी चित्र गर्रकन काचेच्या आत, प्रेक्षकांच्या खोलीकडे वळलं, कारण तेवढ्यात कुणीतरी टेबलावर बेरीचा गरम केक आणून ठेवला होता.

"हेच सांगत होते तुला," डोरीन म्हणाली. "फार छान फुगला होता तो केक."

पुढची चाळीस सेकंदं तो केकच दिसत होता. त्याच्याजवळ खेळाच्या वेशात, बर्फाकडे पाठ करून, एक उंच माणूस उभा होता आणि तोंडात मोठा घास कोंबत होता. मागून टाळ्यांचा कडकडाट आला तेव्हा त्याने दचकून विचारलं, "काय झालं?"

तो आयव्हर होता.

टेप संपली तशी डोरीनने कॅमेरा बंद केला.

"मला बघवेना," आयव्हर अखेर म्हणाला. "शेवटचा दगड मला कधीच बघवत नाही. म्हणून आत आलो होतो."

मायरनने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कॉम्प्युटरकडे. भांडी पुसायचं फडकं अजून त्याच्या कडेला लोंबत होतं. त्याला एकदम या माणसाची फार माया आली.

गुरुवारी सकाळी दहा वाजता कॉफीच्या दुकानात आयव्हरने कप खाली ठेवला. "त्या दगडाला झाडू लागला होता," तो म्हणाला. आवाज जरा घाबरलेला होता.

सगळ्यांनी मायरनकडे पाहिलं.

"नव्हता लागला," मायरन टेबलावर थाप मारून म्हणाला. "फिल्ममध्ये काय, बायकोसमोर माणूस काहीही बोलतो."

"लागला होता!"

"तू बघितलंस?"

"माझ्या या डोळ्यांनी!" आयव्हर म्हणाला, आणि दुकानातल्या सगळ्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या.