बकऱ्यांचा मुक्काम

माणूस दारात आला तर आमचे सावंत हवालदार "काय काम?" म्हणून खेकसत. बकरा आला तर म्हणत, "या, बसा. पानी घ्या." रत्नागिरीच्या मुनशिपाल्टीच्या खाटीकखान्याचे ते मुकादम होते आणि ही पाहुणेमंडळी पुढं त्यांच्याच देखरेखीखाली कापली जात. मी तेव्हा आरोग्य खात्यात कारकून होतो, म्हणून मला तिथं जावंच लागे. शिवाय मी मटणाचा भोक्ता.

हवालदार पहिल्या मोठ्या लढाईत तिकडं इराकात, बसऱ्याला होते. पलटणीसाठी बकरी राखायची आणि कापायची, हे तिथलं त्यांचं काम. पेन्शनीबरोबर एक वाक्य घेऊन आले: "बसऱ्याला असं नव्हतं." खाटीकखाना बांधायचा ठरला तेव्हा ओव्हरसियरनं आतली जमीन जांभ्या चिऱ्याची धरली. आमच्याकडे घर चिऱ्याचं, विहीर चिऱ्याची, मग इथंच वेगळं काय? हवालदारांनी अध्यक्षांसमोर एका चिऱ्यावर तांब्याभर रक्त ओतलं. चिऱ्यानं ते पिऊन टाकलं. दोन दिवसांनी तोच चिरा त्यांनी अध्यक्षांच्या ओटीवर नेऊन ठेवला. अध्यक्षांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. शहाबादी फरशी मंजूर झाली आणि उतार, गटार, वाऱ्याची दिशा, सगळं पुढं हवालदारांच्याच मनासारखं झालं.

पण त्यांचा जीव होता तो मुक्कामाच्या मांडवात. धनगर लोक देवरुखाच्या वरच्या डोंगरांतून बकरी चालवत आणत. "दमलेला बकरा कापायचा नाय," हवालदार सांगत. "मटान काळं पडतं, नि चामड्यासारकं लागतं." म्हणून मांडवात अख्खा दिवस आणि रात्र विसावा. पाणी हवं तेवढं, शेवटच्या रात्री चारा बंद, मगच सुरी. शनिवारी उतरलेली बकरी सोमवारी कापायची, आणि सोमवारी आमच्याकडे वशाट खातो कोण? कित्येक रविवार मी वांग्यावर काढले.

हसन खाटीक वैतागून म्हणे, "हवालदार, हे बकरे हायत का जावई?"

"जावई बरा रं. तो तरी दमला तर सांगतो."

बकऱ्यांबरोबर धनगरही मुक्कामाला राही. बहुतेक वेळा तो बाबू असे. उंच, काळा, खांद्यावर घोंगडी, आणि तोंडात दोनच शब्द: "आसल, बा." हवालदार त्याला बसऱ्याच्या खजुरांबद्दल सांगत, तिथल्या नदीबद्दल सांगत, उंटानं त्यांचा फेटा कसा खाल्ला ते सांगत. बाबू सगळ्याला "आसल, बा" म्हणे. "काय कळत नाय त्येला," असं हवालदार मला सांगत, पण संध्याकाळ झाली की चहाचं आधण ठेवून त्याच्याजवळच जाऊन बसत. हवालदारांची बायको ते बसऱ्याला असतानाच वारली होती. मुलगा मुंबईला गिरणीत होता आणि मुंबईचाच झाला होता.

मग पालीच्या एका व्यापाऱ्यानं लॉरी घेतली. तो डोंगरावर जाऊन धनगरांच्या दारातच बकरी विकत घेई, पालीच्या आपल्या गोठ्यात त्यांना विसावा देई आणि सकाळी लॉरीत घालून आणी. धनगरांची पायपीट वाचली. बाबू यायचा बंद झाला.

हवालदारांनी लॉरीची बकरीही मांडवात ठेवून घ्यायला सुरुवात केली. नियम तो नियम. लॉरीनं वाचवलेला दिवस फुकट, चाऱ्याचा खर्च दुप्पट. असंच चाललं असतं तर व्यापाऱ्याला लॉरी परवडली नसती आणि बाबू पुन्हा बकरी घेऊन खाली उतरला असता. हे हवालदारांना कळत होतं, मलाही कळत होतं. व्यापाऱ्यानं आणि हसननं मुनशिपाल्टीत अर्ज केला की मांडवाची सक्ती काढा.

अध्यक्ष स्वतः पाहायला आले. नुकतीच लॉरी आलेली. ते म्हणाले, "हवालदार, यातलं आम्हाला काही समजत नाही. तुम्ही सांगाल ते खरं. ही बकरी दमली आहेत का?"

"दमली आहेत" एवढं म्हटलं की काम झालं असतं. मी तर मनात म्हणत होतो, म्हणा हो, वांगी खाईन मी. हवालदार एकेका बकऱ्याजवळ गेले. बरगडीवर हात ठेवला, कान चाचपले. नेहमीपेक्षा बराच वेळ लावला. मग फेटा सारखा करत म्हणाले, "दमलेली नायत. आजच कापा."

मांडव त्याच महिन्यात उतरवला. पुढच्या रविवारी मला मटण मिळालं, पण ते काही गोड लागलं नाही. संध्याकाळी मी हवालदारांकडे गेलो. ते मांडवाच्या मोकळ्या जागेत दगडावर बसले होते. मला पाहून "काय काम?" म्हणाले नाहीत, थोडे सरकले आणि जागा दिली.

मी म्हटलं, "हवालदार, बाबू येत नाही तर तुम्ही जा की त्याच्याकडे. रजा मी मंजूर करून आणतो."

"जायला काय, उद्या जाईन," ते म्हणाले. "पन कुटं जाऊ? इतकी वर्सं बसऱ्याचं सांगीत ऱ्हायलो. त्येची वाडी कंची, ते इचारायचं ऱ्हायलंच."