कॉम्प्युटरले आवतन

किसनरावांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा कॉम्प्युटर बंद केला, तेव्हा रूपाली रडायचीच बाकी राहिली होती. कृषी पदवीच्या प्रवेशअर्जाची मुदत संध्याकाळी पाचपर्यंत, आणि आता तीन वाजलेले. मामाने दिलेल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर तिने दोनदा अर्ज भरला, दोनदा पडद्यावर गोल चक्कर फिरू लागलं आणि दोनदा तिच्या वडिलांनी भिंतीवरचं बटण दाबलं. बाळापूरजवळच्या त्या गावात किसनरावांचा झेंडू नावाजलेला होता. सबुरीसाठी मात्र त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

"बाबा, काहून बंद केलं?"

"हलूनच नाई राहिलं होतं. मोटर अटकली का आपन बंद करतो ना? मंग?"

अर्जाआधी बापाला समजवावं लागणार, हे रूपालीच्या ध्यानात आलं.

"असं समजा बाबा, कॉम्प्युटरचं एक बारीकसं काम म्हंजे आपला एक सेकंद. मंग ध्यानात असलेली गोष्ट आठवाले त्याले सहा मिनिटं लागतात."

"लागू दे. मले चष्मा सापडाले अर्धा घंटा लागते."

"आतल्या डिस्कवरून काई काढाचं म्हंजे तूर पेरून घरात येईपर्यंतचा टाइम."

"सा महिने?"

"सा महिने. अन् अर्ज दूरच्या कॉम्प्युटरवर पाठवून जवाब आनाचा म्हंजे संत्र्याचं कलम लावून पयला बहार घेनं."

किसनराव खाटेवर बसले. संत्र्याची पाच वर्षं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी हळूच विचारलं, "अन् म्या बटन बंद केलं तं?"

"पुन्हा सुरू व्हाले पाच मिनिटं. त्याच्या हिशेबानं तीस हजार वर्षं."

"दोन डाव केलं म्या. साठ हजार वर्षं. अन् त्यानं हूं का चूं केलं नाई."

तिथून घराचा रंगच पालटला. रूपालीने तिसऱ्यांदा अर्ज भरायला घेतला आणि किसनराव पहाऱ्यावर बसले. शेजारचा गजेंद्र मोबाइल चार्ज करायला आला, त्याला दारातूनच वाटेला लावलं. माणिकबाईंनी मिक्सरला हात घातला, तर नवरा आडवा.

"मिक्सर नको. लाइट गेली तं तीस हजार वर्षं वाया जातीन."

"कोनाचे?"

"त्याचे."

माणिकबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि मुकाट्याने पाटा काढला. मुकाट्याने म्हणजे, वरवंटा जरा आपटतच.

पाचला वीस मिनिटं कमी असताना रूपालीने शेवटचं बटण दाबलं. चक्कर फिरू लागलं. नेमकी तेव्हाच किसनरावांची नजर खाली ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्याकडे गेली.

"पाच वर्षं चालाचं बिचाऱ्याले, अन् आपन त्याले थंड्या फरशीवर बसवलं."

त्यांनी गोधडीची घडी घातली आणि डबा अलगद उचलून तिच्यावर ठेवला. चक्कर फिरतच राहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"बाबा, हँग झालं. बंद करून सुरू करते."

किसनराव बटणासमोर उभे राहिले. "पोरी, बहाराले आलेल्या झाडावर कुऱ्हाड नाई चालवत."

"दहाच मिनिटं उरले. माही सीट जाईन, बाबा. सालभर घरी बसा लागन मले."

मुलीच्या डोळ्यांत पाणी पाहून किसनरावांची नजर कोनाड्यातल्या वाटीवर गेली. दुसऱ्या दिवशी पोळा, म्हणजे आज खांदशेकणी. वर्षभर राबलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. हळद-तुपाची वाटी तयारच होती. ती घेऊन ते डब्यापुढे मांडी घालून बसले.

"थकलं थे, बाकी काई नाई," म्हणत त्यांनी चोळायला सुरुवात केली. वरून, दोन्ही बाजूंनी, मग हात मागे घालून पार पाठीपर्यंत. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मागे कुठेतरी टक् असा आवाज झाला. चक्कर आणखी दोन वळसे फिरून थांबलं आणि पडद्यावर अक्षरं आली: आपला अर्ज स्वीकारला आहे. पाचला चार मिनिटं कमी होती.

किसनरावांनी डब्याला हात जोडले. "लय उपकार झाले तुमचे. आमी तुमाले वाईट वागवलं, तरी तुमी काम केलं."

रूपालीने वाकून डब्यामागे पाहिलं. इंटरनेटची वायर खाचेत घट्ट बसली होती आणि तिच्या टोकावर अंगठ्याचा पिवळा ठसा होता. डबा उचलताना ती निसटली होती, तूप चोळताना परत बसली होती. हे सगळं तिच्या जिभेवर आलं. मग तिने बापाकडे पाहिलं. सणासुदीत फुलांना भाव असताना हा माणूस सकाळपासून मळ्यात गेला नव्हता. तिच्या कागदपत्रांसाठी त्याने महिनाभरात अकोल्याच्या चार खेपा केल्या होत्या, आणि एकदाही काही बोलला नव्हता. वायरीचं तिने मनातच ठेवलं आणि त्यांच्या हातातली वाटी घेतली.

"काय करून राहिली वं?"

वाटीत उरलेलं हळद-तूप तिने बंडी सारून त्यांच्या खांद्यांना लावलं. "बाबा, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"अवं, मी काय बैल हाव का?"

स्वयंपाकघरातला वरवंटा थांबला.

"तीस हजार वर्षं झाले," माणिकबाई म्हणाल्या, "मी तेच सांगून राहिली."